ओळ उचलायची कशी

कोड लिहिणारा माणूस दिवसभर कोड लिहीत असतो, असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्याचा बराच वेळ आधीचं लिहिलेलं वाचण्यात जातो. उरलेल्या वेळात तो एखादी ओळ वर घेतो, एखादी खाली ढकलतो, दोन उडवतो, एकीची प्रत काढून तिच्यातलं एखादं नाव बदलतो. कोरी फाइल उघडून वरपासून खालपर्यंत सलग टाइप करत जाण्याचे प्रसंग थोडे. कीबोर्डचं शिक्षण मात्र आपल्याकडे सगळं या सलग टाइप करण्याचंच मिळतं. आमचं निंबोला हे इंदूर–इच्छापूर महामार्गावरचं, बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाताना लागणारं गाव. इथल्या ज्या पोरांना संगणकावरची सरकारी नोकरी हवी असते, ती मध्य प्रदेश शासनाच्या सीपीसीटी परीक्षेची तयारी करतात. इंग्रजीत मिनिटाला 30 शब्द आणि हिंदीत 20, एवढा वेग तिथे लागतो. राज्याची हद्द ओलांडून रावेरकडे गेलं की परीक्षेचं नाव बदलतं. महाराष्ट्राच्या सरकारी टायपिंग परीक्षेतही 30 आणि 40 शब्दांचेच टप्पे असतात. कोरा मजकूर किती भराभर उमटवता येतो, हे दोन्हीकडे मोजलं जातं. सात ओळी दिल्या आहेत, तिसरी पाचवीच्या खाली न्या आणि बाकी कशालाही धक्का लागू देऊ नका, असा प्रश्न कुठेच नसतो. रोजच्या कामाचा मोठा हिस्सा हाच आहे. आणि त्यासाठी एडिटरमध्ये ज्या किल्ल्या, म्हणजे शॉर्टकट, दिलेल्या असतात, त्यांची शिफारस बहुतेक जण चुकीच्या कारणासाठी करतात असं माझं मत आहे.

ते कारण म्हणजे वेग. शॉर्टकट शिका, वेळ वाचेल. हा हिशेब करून बघण्यासारखा आहे, कारण त्याची साधनं जुनी आणि चांगली आहेत. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि अॅलन न्यूवेल यांनी 1980 मध्ये संगणकावरच्या हालचालींना सेकंद लावून दिले. बऱ्यापैकी टाइप करणाऱ्याला एक कळ दाबायला 0.2 सेकंद, माउसने एखादी जागा गाठायला 1.1, हात कीबोर्डवरून माउसवर किंवा परत न्यायला 0.4, आणि पुढे काय करायचं हे मनाशी ठरवायला 1.35. एक ओळ माउसने हलवायची तर हात माउसवर न्यायचा, ओळीची सुरुवात गाठायची, शेवटापर्यंत ओढायचं, कट करायचं, नवी जागा गाठून टिचकी मारायची, पेस्ट करायचं आणि हात परत आणायचा. बेरीज पाच सेकंदांच्या वर जाते. मध्ये दोनदा विचारायला थांबलं तर आठच्या आसपास. कर्सर आधीच त्या ओळीवर असेल तर व्हीएस कोड या एडिटरमध्ये ऑल्ट धरून वरचा बाण दाबला की ओळ एक घर वर सरकते. विचारासकट पावणेदोन सेकंद. म्हणजे दिवसात शंभर ओळी हलवल्या तरी वाचली दहा मिनिटं. तेवढी चहाला जातात. अॅपलमध्ये वापरसुलभतेचं काम केलेल्या ब्रूस टॉग्नाझिनी यांनी तर 1989 मध्ये उलटाच दावा केला होता. लोकांना कीबोर्ड वेगवान वाटतो, घड्याळ मात्र माउसच्या बाजूने साक्ष देतं, कारण कुठली कळ दाबायची हे आठवण्यात दोन सेकंद जातात आणि ते गेलेले कळतही नाहीत. कधीमधी वापरणाऱ्याच्या बाबतीत हे खोटं म्हणता येणार नाही. वेगाचा मुद्दा मी सोडूनच देतो. दहा मिनिटांसाठी बोटांना नव्या सवयी लावण्याची यातायात कोणी का करावी?

करावी, ती ओळ शाबूत राहावी म्हणून. छापील पुस्तकातली ओळ हा कागदाच्या रुंदीचा परिणाम असतो. आवृत्ती बदलली की ओळी दुसरीकडे तुटतात आणि लेखकाचं काही बिघडत नाही. कोडमधली ओळ तशी नाही, ती कामाचं एकक आहे. फार पूर्वी ती खरोखर हातात धरता येत असे. पंचकार्डावर 80 रकाने, एक कार्ड म्हणजे एक ओळ. फोरट्रानच्या कार्डांवर 73 ते 80 हे रकाने अनुक्रमांकासाठी मोकळे ठेवलेले असत, गठ्ठा हातातून सांडला तर कार्डं पुन्हा लावता यावीत म्हणून. ओळ हलवायची म्हणजे कार्ड काढून दुसरीकडे खोचायचं. अर्धं कार्ड उचलणं शक्यच नव्हतं. पुढे केन थॉम्पसनचा 'एड' हा एडिटर आला तेव्हा समोर पडदा नव्हता, कागदावर छापणारं टेलिटाइप होतं. त्यात ओळीला क्रमांक सांगायचा आणि एका अक्षराचा हुकूम द्यायचा: 'डी' म्हणजे उडव, 'एम' म्हणजे हलव, 'टी' म्हणजे प्रत काढ. आजच्या एडिटरमधल्या ओळीच्या किल्ल्या हेच तीन हुकूम आहेत, पोशाख तेवढा बदललाय. बाकीची अवजारंही ओळच ओळखतात. चूक झाली की कंपायलर ओळीचा आकडा सांगतो. ब्रेकपॉइंट ओळीवर लागतो. दोन आवृत्त्यांमधला फरक दाखवणारा 'डिफ' ओळीशी ओळ ताडून पाहतो. आणि गिटला विचारलं की हे कोणी लिहिलं, तर तो प्रत्येक ओळीपुढे एक नाव ठेवतो. ज्या वस्तूला सगळी व्यवस्था अखंड मानते ती आपण माउसने अक्षरं खरवडून उचलतो, हे विसंगत आहे.

या विसंगतीची किंमत कुठे मोजावी लागते ते जवळून पाहिल्याशिवाय पटत नाही. माउसने ओळ निवडताना सुरुवात सहसा पहिल्या दिसणाऱ्या अक्षरापासून होते. त्याच्या डावीकडच्या चार रिकाम्या जागा सुटतात. शेवटी ओढणं संपतं ते शेवटच्या अक्षरावर, आणि ओळ जिथे मोडते ते न दिसणारं चिन्ह मागेच राहतं. आता कट केलं तर जुन्या जागी चार रिकाम्या जागांची एक पोकळ ओळ उरते, आणि नव्या जागी पेस्ट केलेली ओळ आधीच्या ओळीला चिकटते किंवा समास सोडून डावीकडे येते. सी किंवा जावात हे नुसतं कुरूप दिसतं. पायथनमध्ये डावीकडच्या जागा हाच अर्थ असतो. 'इफ'च्या पोटातल्या ओळींपैकी शेवटची समास चुकून बाहेर आली तर प्रोग्रॅम कुरकुर न करता चालतो आणि अट पाळणं सोडून देतो. अशी चूक सापडायला जो वेळ लागतो तो वरच्या कुठल्याच हिशेबात धरलेला नाही. किल्लीने ओळ उचलली की समास, मजकूर आणि शेवटचं चिन्ह एकत्र उठतात. इथल्या केळीच्या मळ्यात माल उतरवताना आधी अख्खा घड कापून खाली घेतात, फण्या नंतर सुट्या होतात. झाडावर एकेक केळं खुडत बसलं तर हाती काय लागेल ते सांगायला नको. व्हीएस कोडमध्ये तर काहीही निवडलेलं नसताना कंट्रोल-एक्स दाबलं की कर्सरखालची पूर्ण ओळ कट होते, आणि पेस्ट करताना ती पूर्ण ओळ म्हणूनच वरच्या बाजूला बसते, कर्सर ओळीच्या मध्यात असला तरी. एवढी एक गोष्ट ठाऊक झाली तरी माउसने ओळ निवडण्याची गरज निम्म्याने कमी होते, आणि ही सवय लावायला नवी कळ पाठ करावी लागत नाही.

ओळ एकसंध उचलली की ती प्रत्येक ठिकाणी बिनबोभाट बसते असंही नाही, आणि इथून गोष्ट मला जास्त रंजक वाटते. जेसनच्या फाइलमधली यादी घ्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वल्पविराम, शेवटच्या ओळीला मात्र नाही. शेवटची ओळ ऑल्ट-बाणाने एक घर वर नेली की एका दाबात दोन चुका होतात. वर गेलेल्या ओळीला स्वल्पविराम नाही, खाली आलेलीला नको तो आहे, आणि जेसन दोन्ही खपवून घेत नाही. हा दोष किल्लीच्या माथी मारणं सोपं आहे. पण भाषा बनवणाऱ्यांनी तो कुठे दुरुस्त केला ते पाहावं. पायथनच्या यादीत शेवटच्या घटकानंतरही स्वल्पविराम चालतो, आणि अनेक संघ तो सक्तीने लावायला सांगतात. जावास्क्रिप्टने 2017 च्या आवृत्तीत फंक्शनच्या कंसातही तो मान्य केला. गो भाषेत यादीचा बंद कंस पुढच्या ओळीवर असेल तर शेवटचा स्वल्पविराम नसला की प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही. एसक्यूएलमध्ये ही सोय नाही, म्हणून काही जण स्वल्पविराम ओळीच्या सुरुवातीला देतात. दिसायला विचित्र, पण मग शेवटची ओळ बिनधास्त हलवता येते. अडचण पहिलीपाशी येते एवढंच. म्हणजे ओळ सुटी करता यावी, कुठूनही काढून कुठेही लावता यावी, यासाठी व्याकरणंच वाकवली गेली आहेत. माणसं कोड ओळीओळीने हलवतात याचा याहून ठोस पुरावा मला ठाऊक नाही.

गावात बसून काम करणाऱ्याला आणखी एक कारण असतं आणि पुण्या-इंदूरच्या कचेरीत बसलेल्याला ते सहज सुचत नाही. कोड पुष्कळदा आपल्या लॅपटॉपवर नसतोच, तो दूरच्या सर्व्हरवर असतो आणि मध्ये मोबाइलच्या हॉटस्पॉटचा धागा असतो. रिमोट डेस्कटॉपवर माउसने ओढताना निळा पट्टा बोटाच्या मागे रेंगाळतो. आपण थांबतो तेव्हा तो अजून अलीकडे असतो, आपण सोडतो तेव्हा तो पुढे गेलेला असतो. माउसचं काम डोळ्यांना या क्षणी जे दिसतंय त्यावर अवलंबून असतं, आणि दिसतंय ते शिळं असतं. कळांचं तसं नाही. त्या ज्या क्रमाने दाबल्या त्याच क्रमाने पलीकडे पोचतात. व्हिम या एडिटरमध्ये 'डीडी' दाबून ओळ उचलली, 'जे' दाबून एक ओळ खाली गेलो, 'पी' दाबून ती तिथे ठेवली, या चार कळा पडद्याने उशिरा दाखवल्या तरी परिणाम तोच राहतो. बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास बर्कलीत व्हिमचा पूर्वज 'व्हीआय' लिहिला तो 300 बॉडच्या मोडेमवरून वापरता यावा म्हणून. 'एच', 'जे', 'के', 'एल' या कळांनी कर्सर हलतो, कारण त्यांच्यासमोरच्या एडीएम-3ए टर्मिनलवर बाण त्याच कळांवर छापलेले होते. संथ जोडणीची ती अडचण कॅलिफोर्नियात कधीच सरली. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज गेली, टॉवरची रेंज एका काडीवर आली की ती पुन्हा हजर होते, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा तो तोडगा जसाच्या तसा उपयोगी पडतो. लॅपटॉपचा टचपॅड घामेजल्या बोटाला दाद देत नाही हे वेगळंच.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप असा की ओळीची प्रत काढणं इतकं सोपं झालं की माणूस विचार करणं सोडतो. शिफ्ट-ऑल्ट आणि खालचा बाण पाचदा दाबला की पाच प्रती तयार. मग प्रत्येकीत एकेक नाव बदलायचं. हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो, कारण पुरावा त्याच्या बाजूने आहे. कोड तपासणारी प्रणाली बनवणाऱ्या आंद्रेई कार्पोव यांनी 2014 मध्ये दाखवून दिलं की अशा सारख्या ओळींच्या रांगेत चूक बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत असते. काम संपल्याचं समाधान काम संपायच्या जरासं आधी येतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत अॅपलला आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. सुरक्षित जोडणीची सही तपासणाऱ्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. पहिली 'इफ'च्या ताब्यात होती, दुसरी कुणाच्याच नव्हती. त्यामुळे खालची तपासणी कायम ओलांडली जात होती. दुसऱ्या ओळीचा समास पहिलीसारखाच होता, म्हणून ती अटीखालची वाटत होती. पण या उदाहरणाचा उपयोग करून किल्ली हद्दपार करायची तर कट-पेस्टही करावं लागेल. प्रत काढण्याची हाव कळांच्या आधीपासूनची आहे. उलट ओळीची अखंड प्रत काढली असेल तर डिफमध्ये ती एकटी, ठसठशीत दिसते. अक्षरं खरवडून केलेल्या बदलात शेजारच्या दोन ओळींच्या रिकाम्या जागाही बदललेल्या दिसतात, आणि तपासणाऱ्याची नजर त्या गर्दीत अडकते. माझ्यापुरता नियम असा: तिसरी प्रत काढायची वेळ आली की बोट थांबवायचं आणि तिथे लूप किंवा फंक्शन हवं का ते बघायचं. किल्ली हा विचार करून देत नाही, आणि अडवतही नाही.

दुसरा आक्षेप गोंधळाचा. कंट्रोल-डी दाबलं तर व्हीएस कोड त्याच शब्दाची पुढची जागा निवडतो, इंटेलिजे हा दुसरा एडिटर ओळीची प्रत काढतो आणि टर्मिनल सत्र बंद करून निघून जातो. विंडोजवर कंट्रोल-वाय बहुतेक ठिकाणी रद्द केलेलं परत आणतं, इंटेलिजेच्या नेहमीच्या मांडणीत मात्र ओळ उडवतं. लिनक्सवर व्हीएस कोडमध्ये ओळीची प्रत काढायला तीन कळांच्या जोडीला बाण लागतो, आणि काही डेस्कटॉपांवर तीच जुळणी अख्खी खिडकी दुसऱ्या कार्यक्षेत्रात नेऊन ठेवते. सर्वांत मजेशीर प्रकार जुन्या इंटेल ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर घडतो. अनेक कर्सर उमटवायला कंट्रोल-ऑल्ट-खालचा बाण दाबावा तर पडदाच उलटा होतो, आणि शिकाऊ पोरगं संगणक बिघडला म्हणून हात मागे घेतं. आमच्या भागात यात देवनागरीची भर पडते. मराठी-हिंदीसाठी इनस्क्रिप्ट चालू असताना व्हिममध्ये 'डीडी' दाबलं तर ओळ उडत नाही, कारण त्या कळेवर हलंताचं चिन्ह आहे आणि व्हिमला दोन हलंतांतून काही हुकूम कळत नाही. यावर उपाय आहेत, मांडणी बदलता येते, व्हिममध्ये भाषेपुरती कळांची जुळणी लिहिता येते. पण तो उपाय आधी कोणीतरी सांगावा लागतो. या आक्षेपाला मी एवढंच उत्तर देईन की पन्नास शॉर्टकटचा तक्ता भिंतीला लावणाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. ओळ हलवणं, प्रत काढणं, उडवणं, खाली नवी ओळ उघडणं आणि ओळ कॉमेंट करणं, एवढ्या पाच गोष्टी एका एडिटरमध्ये हातात बसल्या की पुरे. टॉग्नाझिनींचे आठवण्यातले दोन सेकंद पाच किल्ल्यांना लागत नाहीत, पन्नासांना लागतात.

हा सगळा युक्तिवाद कोडपुरताच खरा आहे हेही सांगायला हवं, कारण शॉर्टकटचे भक्त तो सगळीकडे ओढतात. मराठी लेख एडिटरमध्ये लिहिला तर एक परिच्छेद ही एकच ओळ असते. पडद्यावर ती दहा ओळींची दिसते ती फक्त रुंदी अपुरी म्हणून. तिथे ओळ उडवायला कंट्रोल-शिफ्ट-के दाबलं की दिसणारी एक ओळ जात नाही, अख्खा परिच्छेद जातो. वर्डमध्ये ऑल्ट-शिफ्ट-बाण दाबला की परिच्छेदच हलतो, आणि ते बरोबरच आहे. गद्यात उचलायची वस्तू परिच्छेद किंवा वाक्य ही असते, ओळ नव्हे. कोडमध्येही कर्सर दूर असेल, चारशे ओळी पलीकडे जायचं असेल, तर माउसने जायला काहीच हरकत नाही. माउसने जागा गाठावी, किल्लीने ओळ उचलावी. दोघांचं भांडण लावण्यात मला रस नाही.

शेवटचा आक्षेप नवा आहे. कोड आता यंत्र लिहितं, मग ओळी सरकवायला कोण बसणार? गिटहब कोपायलट 2021 मध्ये आला, त्यानंतर असे मदतनीस वाढत गेले. सलग टाइप करण्याचं काम त्यांनी खरोखर कमी केलं, आणि 30 शब्दांच्या वेगाला कोडच्या धंद्यात होती ती किंमतही त्याबरोबर घटली. पण यंत्राने दिलेल्या वीस ओळींतल्या चौदा हव्या असतात, दोन आधीच वर कुठेतरी असतात, एक चुकीच्या अटीखाली बसलेली असते आणि उरलेल्या कॉमेंट असतात. त्या निवडायच्या, हलवायच्या, उडवायच्या. लिहिणं घटलं आणि दुरुस्ती तेवढीच राहिली, किंबहुना वाढली, कारण आता दुसऱ्याचा मजकूर आपल्या फाइलमध्ये बसवायचा असतो. टायपिंगच्या वर्गांना यातून काही घ्यायचं असेल तर फार खर्च नाही. चाळीस ओळींची एक फाइल आणि ती शेवटी कशी दिसायला हवी त्याची दुसरी फाइल विद्यार्थ्यापुढे ठेवावी. पहिलीची दुसरी करायला सांगावं, घड्याळ बाजूला ठेवावं, आणि काम संपल्यावर दोन्हींवर डिफ चालवावा. ज्याच्या फाइलमध्ये तो एकही फरक दाखवत नाही तो विद्यार्थी उत्तीर्ण.